‘अकाकोस’ : एका ग्रीक शब्दाचा अर्थविचार आणि देगलूर परिसरातील समांतर शब्द

निष्पापतेचा वाचक असा जो ‘अकाकोस’ हा प्राचीन ग्रीक शब्द, त्याची घडण सरळ आहे. ‘काकोस’ म्हणजे वाईट. त्यास नकारवाचक ‘अ’ जोडून तो सिद्ध झाला. हा ‘अ’ आणि संस्कृतातील ‘अ-’, ‘अन्-’ हे उपसर्ग एकाच मूळच्या आदिभाषेतून आलेले आहेत. परंतु घडण सरळ असली तरी शब्दाचा इतिहास सरळ नाही. नकारात्मक शब्द काय नाही एवढेच सांगतो. ते का नाही, हे सांगत नाही. मनुष्याच्या ठिकाणी वाईटपणा नाही तो स्वभावामुळे, की जगाचा अनुभव नाही म्हणून? या प्रश्नाभोवती शब्दाचा अर्थ फिरत राहिला.

एस्किलसच्या ‘पर्शियन’ या नाटकात (इ. स. पू. ४७२) इराणी वृद्ध दिवंगत दारयवहूस आवाहन करताना त्याला ‘अकाकोस’ पिता म्हणतात. पुत्राने राज्यावर अनर्थ ओढवला, पित्याने प्रजेचे अकल्याण केले नाही, असा त्याचा भाव आहे. तेथे भोळेपणाचा संबंध नाही. प्लेटोच्या ‘तिमाइओस’ या संवादात मात्र हा शब्द थट्टेच्या सुरात येतो. पक्षी कोणापासून झाले? निरुपद्रवी पण उथळ अशा माणसांपासून. कारण आकाशस्थ गोष्टींविषयी डोळ्यांना दिसते तेच पक्के प्रमाण, असे ती माणसे भाबडेपणाने मानीत. या भाबडेपणासाठी प्लेटो ‘एउएथेइआ’ हा शब्द योजतो. त्याचा धात्वर्थ ‘सुस्वभाव’ असा असून रूढ अर्थ ‘खुळेपणा’ असा झाला होता. इ. स. पू. ४२७ मधील कोर्किरा येथील यादवीचे वर्णन करताना थुसिडिडीस खेदाने नमूद करतो की, उदात्त स्वभावाचा मोठा अंश असलेला हा सरळपणा हास्यास्पद ठरून नाहीसा झाला. शब्दाच्या अवनतीमागे समाजाची अवनती असू शकते, याची जाणीव त्या इतिहासकाराला होती.

हिब्रू धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरात ही दुविधा अधिक स्पष्ट होते. ईयोबाच्या ग्रंथात ‘अकाकोस’ हा ‘पूर्ण, सचोटीचा’ या अर्थाच्या हिब्रू शब्दासाठी येतो. नीतिसूत्रांत तोच शब्द ऐकेल त्यावर विश्वास ठेवणाऱ्या अजाण माणसाला लावलेला आहे. नव्या करारातही इब्री लोकांस पाठविलेल्या पत्रात तो ख्रिस्ताचे विशेषण आहे, तर रोमकरांस पाठविलेल्या पत्रात गोड बोलण्याला फसणाऱ्यांचे. केडगावी मूळ हिब्रू व ग्रीकवरून मराठी बायबल सिद्ध करणाऱ्या पंडिता रमाबाईंसारख्या भाषांतरकारापुढे येथे खरी अडचण उभी राहते. मराठीत एकच शब्द दोन्ही ठिकाणी चालत नाही; एका ठिकाणी ‘निष्पाप’ हवा, दुसऱ्या ठिकाणी ‘भोळा’.

या दृष्टीने देगलूरचा परिसर अभ्यासनीय आहे. नांदेड जिल्ह्यातील हा तालुका कर्नाटक व तेलंगण या दोन्ही राज्यांच्या सीमेला लागून आहे. १९४८ पर्यंत तो निजामी अंमलाखाली होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे येथे चार भाषांचे शब्द शेजारी नांदतात. तेलुगूतील ‘अमायक’ म्हणजे ज्याच्या ठायी माया, अर्थात कपट, नाही तो. घडणीने हा ‘अकाकोस’चा जुळा भाऊच होय, आणि व्यवहारात त्यालाही अजाणपणाची छटा आहे. कन्नडात रूढ असलेल्या ‘मुग्ध’ शब्दाचा प्रवास उलट दिशेचा आहे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ‘मोह पावलेला, गोंधळलेला’. पुढे तो निरागस सौंदर्याचा वाचक झाला. एक शब्द नीतीकडून अज्ञानाकडे उतरला, दुसरा अज्ञानाकडून निष्पापतेकडे चढला. उर्दूतील ‘मासूम’ हा मुळात अरबी. त्याचा अर्थ पापापासून रक्षिलेला. शिया पंथात तो इमामांचे विशेषण आहे, तर बोलण्यात तान्ह्या मुलाचे.

मराठी ‘भोळा’ या सर्वांत अधिक उदार आहे. ‘भोळा भाव सिद्धीस जाव’ ही म्हण आणि ‘भोळा सांब’ ही उक्ती त्याला गौरव देतात. देगलूरकर घराण्याच्या कीर्तनपरंपरेमुळे ज्या वारकरी पंथात या गावाचे नाव सर्वतोमुखी झाले, त्या पंथात भोळ्या भावाचे मोल पांडित्याहून अधिक आहे. हेटाळणीसाठी मराठीने ‘भोळसट’ हे वेगळे रूप घडविले, आणि मूळ शब्दाची प्रतिष्ठा बहुतांशी राखली.

‘बेकसूर’ हा शब्द मात्र या मालिकेत बसत नाही. तो न्यायालयाचा आहे. ग्रीक ‘अनाइतिओस’प्रमाणे तो विशिष्ट कृत्याच्या दोषाचा इन्कार करतो, स्वभावाविषयी काही सांगत नाही. निजामी काळातील उर्दू कागदपत्रे वाचणाऱ्या संशोधकाने हा भेद कटाक्षाने पाळला पाहिजे. निकालपत्रातील ‘बेकसूर’ म्हणजे सज्जन नव्हे, आणि साक्षीदाराच्या तोंडचा ‘भोळा’ म्हणजे निर्दोष नव्हे. दोन्हींचे भाषांतर ‘निष्पाप’ या एकाच शब्दाने केल्यास एका माणसाला न मिळालेली निर्दोषता बहाल होते, आणि दुसऱ्याला न दिलेले शील चिकटते. सारांश, निष्पापतेचा शब्द वाचताना तो कोणी, कोणाविषयी आणि कोणत्या आसनावरून उच्चारला, हे आधी पाहावे. कोशाकडे त्यानंतर वळावे.