फटफट बोट

फटफट बोट हे वाफेच्या शक्तीवर पाण्यात चालणारे पत्र्याचे खेळणे आहे. चालताना होणाऱ्या 'फट-फट' आवाजावरून तिला हे नाव मिळाले. मेणबत्ती किंवा तेलात भिजवलेली वात एवढेच तिला इंधन लागते. तिच्या इंजिनात दट्ट्या, झडप किंवा चाक नसते. त्यामुळे ती बंद पडल्यास दोष बहुधा पाणी, हवाबंदपणा आणि ज्योत या तीन ठिकाणीच सापडतो.

इतिहास

१८९१ मध्ये तोमा प्यो यांनी लहान बाष्पित्र (बॉयलर) व दोन नळ्या असलेल्या बोटीसाठी ब्रिटनमध्ये पेटंटचा अर्ज केला. अमेरिकेत चार्ल्स मॅकह्यू यांनी १९१५ मध्ये लवचीक पडद्याच्या, तर विल्यम पर्सेल यांनी १९२० मध्ये वेटोळ्या नळीच्या रचनेसाठी अर्ज केला. भारतात ही बोट जत्रांमध्ये व खेळण्यांच्या दुकानांत विकली जाते. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी तयार करणारे पुण्याचे अरविंद गुप्ता (पद्मश्री, २०१८) यांच्या संग्रहातही वाफेच्या बोटीचा समावेश आहे.

रचना व कार्य

बोटीच्या तळाशी चपटे बाष्पित्र असते. त्यातून निघणाऱ्या एक किंवा दोन नळ्यांची तोंडे मागील बाजूस पाण्याखाली उघडतात. उष्णतेने बाष्पित्रातील पाण्याची वाफ होते व ती नळीतील पाणी बाहेर ढकलते. थंड नळीत पोहोचलेली वाफ निवते, दाब कमी होतो आणि पाणी पुन्हा आत येते. बाहेर जाणारे पाणी एकाच दिशेने, झोताच्या रूपात जाते. आत येणारे पाणी मात्र सर्व बाजूंनी ओढले जाते. त्यामुळे बोट पुढे सरकते.

वऱ्हाडात मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे जाणाऱ्या 'शकुंतला' या अरुंदमापी रेल्वेवर १९९४ पर्यंत वाफेची इंजिने धावत होती. तेथे वाफ दट्ट्याला ढकलत असे. फटफट बोटीत दट्ट्याचे काम नळीतील पाणीच करते.

दोष व उपाय

बोट सुरू न होणे: बाष्पित्रात हवा राहिल्यास असे होते. एका नळीतून पाणी भरत राहावे. दुसऱ्या नळीतून ते सलग वाहू लागल्यावर दोन्ही तोंडे बोटांनी झाकून बोट पाण्यात ठेवावी.

थोडे चालून बंद पडणे: सांध्यात गळती असण्याची शक्यता असते. बोट थंड असताना बाष्पित्र पाण्यात बुडवून, एक नळी बंद करून दुसरीत फुंकर घालावी. बुडबुडे येतील तेथे डाख द्यावा.

आवाज येणे पण बोट न सरकणे: नळ्यांची तोंडे पाण्याबाहेर आली आहेत किंवा वाकली आहेत का, हे पाहावे.

आवाज न येणे: वेटोळ्या नळीच्या बोटीत पडदा नसतो, त्यामुळे तिचा आवाज अगदी कमी असतो, हा दोष नव्हे. पडद्याच्या बोटीत पडद्याला पोचा आला आहे का, ते तपासावे.

हळूहळू मंदावणे: बाष्पित्राच्या बुडाशी काजळी साचल्यास उष्णता कमी पोहोचते. काजळी पुसावी व वात लहान करावी. पाण्यातील क्षारांमुळेही बारीक नळ्या चोंदतात. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारे असते. अशा ठिकाणी पावसाचे साठवलेले पाणी वापरणे व खेळून झाल्यावर बोट वाळवून ठेवणे हिताचे ठरते.

सुरक्षितता

उघड्या नळ्यांमुळे बाष्पित्रात दाब साचून राहत नाही. म्हणून नळ्या चोंदलेल्या असताना किंवा बुजवून बोट कधीही तापवू नये. कोरडे बाष्पित्र तापल्यास डाख वितळतो. डाखात शिसे असू शकते. त्यामुळे नळी तोंडात धरू नये, फुंकण्यासाठी रबरी नळी जोडावी व नंतर हात धुवावेत. ज्योत पेटती असेपर्यंत मुलांजवळ मोठ्या माणसाने थांबावे.

गॅसच्या ज्योतीवर चालणाऱ्या मोठ्या प्रतिकृती नौकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे बाष्पित्र बंदिस्त व दाबाखाली असल्याने सुरक्षा-झडप अत्यावश्यक ठरते. पिवळी, धुरकट ज्योत ही बर्नरला हवा कमी मिळत असल्याची खूण असते. डबीतील द्रवरूप गॅसचे बाष्पीभवन होताना डबी थंड पडते, गॅसचा दाब उतरतो आणि ज्योत मंदावते. तरीही डबी आगीजवळ धरून तापवू नये.