ब्रंचची वेळ आणि आपला चौविहार

लग्नाचा वाढदिवस म्हटलं की हल्ली हॉटेलातला रविवारचा ब्रंच ठरतो. या जेवणाची कल्पना मांडली ती इंग्लंडात, 1895 मध्ये. गाय बेरिंजर नावाच्या लेखकाने ‘हंटर्स वीकली’त लिहिलं, की रविवारी चर्चहून आल्यावर जड जेवण नको; दुपारच्या सुमारास चहा-कॉफीपासून हळूहळू सुरुवात करावी. म्हणजे शनिवारची रात्र जागवणाऱ्यांना सकाळी लोळता येईल!

गंमत अशी, की त्यांच्या आळसाची ही वेळ आपल्या नियमांत चपखल बसते. सूर्योदयानंतर 48 मिनिटांची नवकारशी केव्हाच होऊन गेलेली असते आणि चौविहाराला भरपूर अवकाश. रात्रीच्या पार्टीत सासूबाई नुसत्या खुर्चीवर बसून असायच्या, पाणीसुद्धा नाही. यंदा ब्रंचला त्या सगळ्यांबरोबर जेवल्या. कंदमुळं आणि केकमधलं अंडं यांची चौकशी आधीच करून ठेवली होती, ती करावीच लागते.

मला खटकतं ते बुफेतलं उष्टं टाकणं. म्हणून घरात ठरवलं होतं, एका फेरीला दोनच पदार्थ. सासूबाईंनी तर तिथेही ताट धुऊन ते पाणी प्यायलं. ताट उचलायला आलेला वेटर बघतच राहिला.