रेडीबूस्ट : रॅमची उणीव आणि पेनड्राइव्हचा आधार

३० जानेवारी २००७ रोजी मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज व्हिस्टा’ सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली. किमान ५१२ एमबी रॅम पुरेल असे कागदोपत्री ठरले होते. प्रत्यक्षात तेवढ्या रॅमवर संगणक अक्षरशः रखडत असे. रॅम भरली की प्रणाली हार्ड डिस्ककडे धाव घेई आणि विखुरलेले तुकडे गोळा करताना डिस्कचे वाचनमुख सतत इकडून तिकडे सरकत राही. विलंबाचे मूळ या यांत्रिक हालचालीत होते.

व्हिस्टातील ‘रेडीबूस्ट’ने नेमके हेच हेरले. फ्लॅश स्मृतीत हलणारा भागच नसतो. म्हणून अशा तुकड्यांची प्रत पेनड्राइव्हवर ठेवली जाई. सलग, मोठे वाचन डिस्ककडेच राहिले, कारण तिथे तीच सरस. मूळ माहिती डिस्कवर सुरक्षित असल्याने पेनड्राइव्ह मध्येच उपसला तरी काही गमावत नसे. तो चोरीला गेलाच, तर आतली प्रत १२८-बिट एईएस पद्धतीने कूटबद्ध असे.

‘पेनड्राइव्ह लावा, रॅम वाढवा’ हा लोकप्रिय समज मात्र खोटाच. रॅम तसूभरही वाढत नव्हती. ती मुबलक असलेल्या यंत्रात फरक जेमतेम जाणवे.

२००९ च्या ‘विंडोज ७’ने एकाच वेळी ८ साधने वापरण्याची मुभा दिली. पण मुख्य डिस्क वेगवान एसएसडी असल्यास तीच प्रणाली रेडीबूस्ट बंद ठेवू लागली. डिस्कची जागा आता फ्लॅशनेच घेतली होती.