न छापलेल्या पत्त्यांची विक्री

दिवाळीच्या सुट्टीत दुपारी फराळाचे डबे झाकले, की घरोघरी पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. कोणी बदाम सात मांडतो, कोणी मेंढीकोट. राजा, राणी, गुलाम यांचे तेच चेहरे वर्षानुवर्षे आपल्याकडे पाहत असतात. एखाद्या हौशी चित्रकाराला वाटले, आपण आपल्या कल्पनेचा कॅट काढावा, तर चित्रे तो काढील. पण छपाईचा खर्च कोण देणार? आणि न छापलेले पत्ते लोक विकत का घेतील? मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून मला या प्रश्नाची मौज वाटते. कारण प्रश्न जुनाच आहे.

पूर्वी त्याला एक उत्तर होते: धनी गाठावा. आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा १० रंगांची, १२० पानांची. पानन् पान हाताने रंगवायचे. असे काम आश्रयावाचून कसे चालावे? विसाव्या शतकात ही कला मरणपंथाला लागली, तेव्हा तिला हात दिला तोही तिथल्या राजघराण्यानेच.

एका मोठ्या धन्याऐवजी शेकडो लहान धनी जमवण्याची युक्ती ग्रंथकारांनी राबवली. इंग्रज कवी अलेक्झांडर पोप याने १७१३ साली ‘इलियड’च्या भाषांतरासाठी आगाऊ वर्गणीदार मागितले. सहा खंड, दर खंडाला एक गिनी. सुमारे ५७५ वर्गणीदार मिळाले आणि त्यांची नावे ग्रंथात छापली गेली. आपल्याकडेही कित्येक मराठी ग्रंथ अशाच आगाऊ वर्गणीवर निघाले.

२००९ साली अमेरिकेत ‘किकस्टार्टर’ निघाले, ते याच युक्तीचे नवे रूप. आपला बेत इंटरनेटवर मांडायचा, रकमेचा आकडा आणि मुदत सांगायची. मुदतीत तेवढी रक्कम जमली तरच लोकांकडून पैसे घेतले जातात, नाहीतर कोणाचा छदामही जात नाही. याला क्राउडफंडिंग म्हणतात. पत्त्यांच्या शौकिनांना तर हा बाजार फारच मानवला.

मात्र २०१२ साली टेनेसीतील एका कंपनीने भयचित्रांच्या कॅटसाठी ८१० लोकांकडून २५,१४६ डॉलर जमवले आणि डिसेंबरात पत्ते पाठवण्याचा शब्द दिला. डिसेंबर गेला, पत्ते आले नाहीत. पुढच्या जुलैपासून तर खुलासाही येईना. वॉशिंग्टन राज्याने २०१४ साली खटला भरला. त्या राज्यातले वर्गणीदार अवघे ३१. त्यांना परत द्यायची रक्कम ६६८ डॉलर. पण दंड व खर्च धरून कोर्टाने कंपनीवर ५४,८५१ डॉलर बसवले. चित्रे सुरेख होती, म्हणूनच लोक भुलले होते. शब्द मात्र पाळला गेला नाही.

याउलट २०१५ चा ‘एक्सप्लोडिंग किटन्स’ हा मांजरांच्या चित्रांचा पत्त्यांचा खेळ. मागितले होते १०,००० डॉलर. ३० दिवसांत २,१९,३८२ लोकांनी सुमारे ८७.८ लाख डॉलर दिले. ही जादू त्या ३० दिवसांची नव्हती. चित्रकार मॅथ्यू इन्मन याच्या व्यंगचित्रांचा मोठा वाचकवर्ग आधीच तयार होता. शिवाय वर्गणीदारांना नुसते पैसे मोजायला न लावता गमतीदार फोटो काढायची कामे दिली. ती पुरी होत गेली तशी खेळात भर पडत गेली. देणारे खेळगडी झाले, आणि त्यांनीच चार जणांना सांगितले. त्याच वर्षी खेळ लोकांच्या हाती पडला.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला दशावतारावर कॅट काढायचा आहे. जाहिरात कशी करू, असे त्याने विचारले. मी म्हटले, “बाबा रे, जाहिरातीला सहा महिने आधी लाग. रोज एक चित्र लोकांना दाखव, ते काय म्हणतात ते ऐक. इस्पिकचा एक्का, एक राजा आणि पाठीची नक्षी खरोखर छापून घे. नुसत्या चित्रावर भागवू नकोस. छपाई, डबी, टपालखर्च यांचा हिशेब मांडून मगच आकडा सांग. आणि उशीर झाला, तर लोकांनी विचारण्याआधी तूच कळव.”

वाचकहो, पत्ते हातात येईपर्यंत गिऱ्हाइकाने विकत घेतलेला असतो तो फक्त शब्द. दुकानातला कॅट फाटका निघाला तर बदलून मिळतो. फाटका शब्द कोण बदलून देणार?