दफ्तराचा उंबरठा

बंगळूरला बदली होऊन आलेल्या मराठी माणसास या शहराशी नाते सापडते ते शहाजीराजांच्या जहागिरीमुळे. त्या काळाची आठवण निघाली की किल्ला, दरबार आणि मोहिमा यांविषयी पुष्कळ बोलले जाते, दफ्तराविषयी क्वचितच. वस्तुतः सामान्य रयतेची राज्यसत्तेशी गाठ पडे ती दफ्तराच्या उंबरठ्यावर. मराठी मुलखात गावचा हिशेब कुलकर्णी राखी, परगण्याचा देशपांडे. मोडीतील ते कागद शेतकऱ्याच्याच जमिनीचे असत. परंतु बहुतेकांना ते वाचता येत नसत. जमीन एकाची, अक्षर दुसऱ्याचे, अशी ती स्थिती होती.

हा उंबरठा ठेंगणा करण्याचा एक प्रयत्न याच बंगळुरात झाला, त्याचे आम्हांस येथे स्मरण करावयाचे आहे. १९९८ साली येथे भरलेल्या एका परिसंवादातून, गरीब व निरक्षर माणसासही वापरता येईल अशा स्वस्त संगणकाची कल्पना पुढे आली. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय या प्राध्यापकांनी आणि विनय देशपांडे यांच्या एन्कोअर सॉफ्टवेअर या कंपनीने ती उचलून धरली. परगण्याचे दफ्तर सांभाळणाऱ्यांचे आडनाव या यादीत यावे, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटतो.

२००१ च्या एप्रिलात या यंत्राचा नमुना प्रसिद्ध झाला. नाव सिंप्युटर, किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास राखण्याचा संकल्प. तळहातावर मावणाऱ्या या यंत्रास कळफलक नव्हता. पडद्यावरील चित्रास लेखणी टेकवावी आणि ज्यास वाचता येत नाही त्यास यंत्राने भारतीय भाषेत मजकूर ऐकवावा, अशी योजना होती. माणसाने यंत्राची भाषा शिकण्याऐवजी यंत्राने माणसाची बोली शिकावी, हे त्यामागील सूत्र होते.

अमेरिकेत मार्क वायझर यांनी १९९१ साली असे मांडले होते की, संगणक जीवनात इतके मिसळून जावेत की त्यांची जाणीवही उरू नये. त्यांच्या कल्पनेत एका माणसाभोवती अनेक संगणक होते. बंगळूरच्या मंडळींनी हे गणित उलटे मांडले. त्यांच्या मते एक सिंप्युटर साऱ्या गावाने वापरावा; प्रत्येकाची खाजगी माहिती त्याच्या स्वतःच्या स्मार्टकार्डात राहावी. यंत्र सामायिक, पण दफ्तर ज्याचे त्याच्यापाशी. आमच्या मते या प्रयोगातील सर्वांत मोलाचा विचार हाच होय.

२००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सने तयार केलेला ‘अमिडा’ सिंप्युटर बाजारात आला. हाताच्या हिसक्यासरशी त्यात पान उलटे. तथापि अपेक्षेच्या मानाने खप अत्यल्प राहिला, आणि थोड्याच काळात मोबाइल फोनने मैदान मारले. कर्नाटकाच्या भूमिअभिलेखांच्या कामी सिंप्युटरचा उपयोग झाला खरा. पण तेथे तो शासकीय कामाचे साधन होता, गावचावडीवरील सर्वांचा सोबती नव्हे.

याच राज्यातील ‘भूमी’ योजनेत सुमारे दोन कोटी भूमिअभिलेख संगणकात आले आणि तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपयांत उतारा मिळू लागला. शेतकऱ्याची गावकामगाराकडील खेप वाचली, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही खिडकी खिडकीच राहिली.

आज बोटाचा स्पर्श, बोलका मजकूर आणि हात हलविताच कळणारी खूण या गोष्टी खिशातील फोनमध्ये नित्याच्या झाल्या आहेत. सिंप्युटर हरला, त्याच्या युक्त्या घरोघर पोहोचल्या. परंतु ज्याच्यापाशी फोन नाही किंवा ज्यास त्यातील शासकीय शब्द उमगत नाहीत, तो अजून कोणाचे तरी बोट धरूनच आपला कागद पाहतो. आम्ही परमुलखात नोकरी करणारी माणसे या खिडकीच्या आतल्या बाजूस बसतो. पलीकडच्या माणसाची भाषा शिकण्याचे जे काम एका यंत्रावर सोपविले गेले होते, ते प्रथम आमचे होते.