बुचाचा मठ

दीवचा वेढा उठविणारा पोर्तुगीज गव्हर्नर डॉम जुआंव दि कास्त्रो याचे नाव, वसईचा इतिहास ज्यांनी चाळला आहे अशा आमच्या वाचकांना अपरिचित नसावे. १५४६ साली त्या वेढ्यात त्याचा मुलगा फर्नांदो मारला गेला आणि दुसरा मुलगा आल्वारो कुमक घेऊन दीवला गेला. गोव्याहून निघालेल्या त्या आरमारांचा मुक्काम आमच्या वसईत पडला होता. पडलेला तट पुन्हा बांधायला पैसा हवा होता, तेव्हा गव्हर्नराने आपल्या दाढीचे केस तारण म्हणून गोव्याच्या नगरसभेकडे पाठविले, ही हकीकत तर सर्वश्रुत आहे. ६ जून १५४८ रोजी तो गोव्यात मरण पावला. त्याच्या अंतकाळी संत फ्रान्सिस झेवियर त्याच्याजवळ होते.

लढाया आणि तोफा बाजूस ठेवून आज आम्हांस या घराण्याने बांधलेल्या एका अगदी लहान वास्तूविषयी लिहावयाचे आहे. लिस्बनजवळ सिंत्रा नावाचा डोंगर आहे. तेथे जुआंव दि कास्त्रोची वाडी होती. एकदा हरणाचा पाठलाग करताना तो रानात वाट चुकला, एका प्रचंड खडकाच्या आडोशाला झोपी गेला आणि येथे देवाचे घर बांध असा त्याला स्वप्नात आदेश झाला, अशी आख्यायिका आहे. तो नवस त्याच्या हातून फिटला नाही. तो आल्वारोने १५६० साली फेडला. पवित्र क्रुसाच्या नावाने तेथे मठ उभा राहिला आणि तो फ्रान्सिस्कन बंधूंच्या स्वाधीन झाला. ज्यांच्या चर्चचे व मठाचे अवशेष आज वसईच्या किल्ल्यात दिसतात त्यांच्याच संघातील, परंतु अधिक कडक नियम पाळणाऱ्या आर्राबिदा प्रांतातील हे बंधू होते. आरंभी ते अवघे आठ होते.

सिंत्राचा डोंगर अटलांटिक महासागराच्या तोंडावर आहे. समुद्रावरून येणारे धुके त्यावर अडते आणि उन्हाळ्यातही पाने ठिबकत राहतात. मठ बांधला तो ग्रॅनाइटच्या अवाढव्य शिळांच्या बेचक्यात, काही ठिकाणी शिळा हीच भिंत आणि शिळा हेच छप्पर. खोल्या इतक्या लहान की उंच मनुष्याला पाय पसरता येऊ नयेत. दारे इतकी ठेंगणी की आत शिरताना वाकावेच लागे. ओला ग्रॅनाइट अंगाची ऊब कशी शोषून घेतो हे पावसाळ्यात दगडी ओट्यावर रात्र काढलेल्यास सांगावयास नको. त्या बंधूंपाशी गालिचे नव्हते, भिंतींवर टांगायला लोकरी पडदे नव्हते. राजवाड्यांत आणि सरदारांच्या गढ्यांत थंडी अशाच वस्तूंनी अडविली जात असे. बंधूंनी आसपासच्या रानातील झाडांची साल आणली आणि छते, दारे, खिडक्यांची झडपे तिने मढवून टाकली. ती साल म्हणजे बूच. इंग्रज प्रवाशांनी पुढे या वास्तूला ‘बुचाचा मठ’ हेच नाव दिले.

येथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे पांढऱ्या सुवासिक फुलांचे जे झाड ‘बुचाचे झाड’ म्हणून ओळखले जाते, ते हे नव्हे. हा ओक जातीचा वृक्ष आहे. तो सुमारे पंचवीस वर्षांचा झाला की त्याची साल प्रथम काढतात आणि पुढे दर नऊ वर्षांनी. झाड तोडावे लागत नाही. साल पुन्हा धरते. कोणत्या वर्षी काढली तो आकडा बुंध्यावर रंगवून ठेवतात. ही साल सहसा पाणी पीत नाही आणि लवकर कुजत नाही. निष्कांचन राहण्याचे व्रत घेतलेल्या माणसांना याहून सोयीचे साहित्य कोणते मिळणार होते?

तरीही प्रश्न उरतोच. देहाला कष्ट देणे हीच ज्यांची साधना, त्यांनी थंडी अडविण्याची खटपट का करावी? याचे उत्तर आम्हांस त्या मठाच्या आवारातच मिळाल्यासारखे वाटते. होनोरियु नावाच्या एका बंधूने प्रायश्चित्त म्हणून आयुष्याची शेवटची अनेक वर्षे जवळच्या एका बिळासारख्या गुहेत काढली असे परंपरा सांगते. त्या गुहेत बूच नव्हते. म्हणजे स्वतःपुरती थंडी पत्करण्याची मुभा प्रत्येकाला होती, परंतु मठाच्या छपराखाली आजारी बंधू होते, वृद्ध होते आणि त्यांच्यासाठी वेगळी खोलीही राखलेली होती. ओलीने आलेला खोकला हे कोणाचे व्रत नव्हे. गरिबी आणि हेळसांड यांतील हा फरक त्या बंधूंना नीट उमगला होता, असे आमचे मत आहे. स्पेनचा राजा दुसरा फिलिप पोर्तुगालच्या गादीवर आल्यावर १५८१ साली येथे येऊन गेला. आपल्या राज्यात एस्कोरियल सर्वांत श्रीमंत म्हणून आणि हा मठ सर्वांत गरीब म्हणून आपणास प्रिय आहेत, अशा आशयाचे उद्गार त्याच्या नावावर सांगितले जातात.

बूच ऊब कशी राखते हे मात्र बंधूंना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याचा उलगडा होण्याची सुरुवात १६६५ साली लंडनमध्ये झाली. रॉबर्ट हूक याने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्याला असंख्य बंद कप्पे दिसले. एका घन इंचात ते एकशेवीस कोटींहून अधिक भरतील असा त्याने हिशेब केला. त्या कप्प्यांना त्याने ‘सेल’ म्हटले, आणि आज जीवशास्त्रात पेशीला तोच शब्द आहे. मठातील संन्याशाच्या खोलीलाही युरोपात हाच शब्द. हूकने उपमा दिली होती ती मधमाश्यांच्या पोळ्याची, मठाची नव्हे, पण योगायोग मनोहर आहे खरा. या प्रत्येक कप्प्यात हवा कोंडलेली असते. कोंडलेली, न हलणारी हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. सारे मर्म एवढेच आहे. एक इंच बुचाचे काम करायला विटांची सुमारे पंधरा इंच जाड भिंत लागेल.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८३४ साली पोर्तुगालमध्ये पुरुषांचे सर्व मठ सरकारने बंद केले आणि सिंत्राचे बंधू पांगले. ती वास्तू खाजगी हातांतून फिरत १९४९ साली सरकारकडे आली. १९९५ पासून सिंत्राचा परिसर जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला आहे. बुचाला स्वतःला मात्र बरे दिवस आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या जॉन स्मिथ नावाच्या एका कारागिराकडून बुचाचा भुगा डब्यासकट शेगडीत तापला आणि सरस न घालताच त्याची घट्ट तपकिरी वडी झाली, असे सांगतात. सालीतील राळच तिला बांधून ठेवत होती. त्यातून बुचाच्या लाद्या निघाल्या, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभरची शीतगृहे त्यांनी मढविली गेली. नंतर स्वस्त थर्मोकोल आला व बूच मागे पडले.

यातली विपरीत गोष्ट अशी की जगातील जवळजवळ निम्मे बूच पिकविणाऱ्या पोर्तुगालची घरेच हिवाळ्यात काकडतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे पोकळ विटांच्या पातळ भिंतींच्या इमारती धडाधड उठल्या. भिंतीतून उष्णता किती जावी याचा पहिला कायदा झाला तो १९९० साली. २०२३ च्या युरोपीय पाहणीत घर पुरेसे उबदार ठेवणे परवडत नाही असे सांगणारे लोक पोर्तुगालमध्ये २०.८ टक्के होते. स्पेनबरोबर हा आकडा संघात सर्वांत मोठा होता. चार शतकांपूर्वी आठ भिक्षूंनी जे केले ते त्यांच्याच देशाच्या ठेकेदारांनी केले नाही.

त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांस आहे का? आमच्या लहानपणी वसईच्या घरांना कौले होती. कौलांखाली माळा आणि माळ्यावर भाताचा पेंढा. पेंढ्यातही हवाच कोंडलेली असते. चैत्रात बाहेर ऊन रणरणत असताना ओटीवर दुपारची झोप लागत असे. ती घरे पाडून आम्ही स्लॅबची बांधली. त्याचा दोष कोणास देण्यात अर्थ नाही, कौले चाळायला माणसे मिळेनाशी झाली होती आणि गळती कोणालाच नको होती. परंतु पेंढ्याचे काम कोण करील हे आम्ही मिस्त्रीला विचारले नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोन वाजेपर्यंत अंगावर आग ओकतो. वरच्या मजल्यावर निजणारे आजी-आजोबा खाली उतरतात, मग एक यंत्र येते, पुढच्या वर्षी दुसरे, आणि मे महिन्याचे विजेचे बिल पाहून घरात वाद होतात. २०१५ साली दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हानिकारक सवयींचे साधे उदाहरण म्हणून दिले ते या वातानुकूलन यंत्रांच्याच वाढत्या वापराचे.

भारत सरकारने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध केली. छपराच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असता, १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता जाऊ नये असे ती सांगते. आमच्या उघड्या स्लॅबमधून याच्या दुपटीहून अधिक जाते. त्यावर दीड-दोन इंच जाडीच्या उष्णतारोधक फोमच्या फळ्या घातल्या की हा आकडा मर्यादेच्या बराच खाली येतो. त्यासाठी घर पाडावे लागत नाही. गच्चीचा कोबा कधी ना कधी उखडून नवा घालावाच लागतो, ती वेळ साधावी. पुष्कळ जण आतल्या बाजूने छत मढवून मोकळे होतात. त्याने थोडा आराम मिळतो, पण स्लॅब तापतच राहतो. सिंत्राच्या बंधूंनी बूच आतून लावले, कारण त्यांना देहाची ऊब आत धरून ठेवायची होती. आम्हांस ऊन बाहेरच अडवायचे आहे, म्हणून आमचा थर स्लॅबच्या वर, कोब्याखाली हवा.