दुसऱ्याची ठेव

४ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने आमच्या नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला. १९१० सालची बँक! तरी पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचा आधार होता. तो आपोआप आला नाही. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि १९६२ पासून ठेवविमा सुरू झाला. तेव्हाची मर्यादा अवघी पंधराशे रुपये. पाच लाख झाली ती २०२० साली.

आज आपण नव्या कंपन्यांकडे फोटो, पत्रे, हिशेब ठेवतो. त्या ठेवीला असा विमा नाही. २०१४ साली गूगलने ऑर्कुट बंद केले, तेव्हा तीन महिने आधी सांगितले आणि फोटो उतरवून घ्यायला २०१६ पर्यंत मुदत दिली. मोठ्या कंपनीला ते परवडले. स्टार्टअपचे पैसेच संपले, तर सर्व्हरचे भाडे कोण भरणार?

बँक विम्याचा हप्ता भरते तो चालू असताना, बुडाल्यावर नव्हे. स्टार्टअपनेही निरोपाचा खर्च आधीच बाजूला काढावा. वेळेवर सूचना द्यावी, ज्याचे त्याला परत करावे, उरलेली वर्गणीही. धंदा बुडणे हा गुन्हा नाही. पण दुसऱ्याची ठेव सोबत बुडवू नये.